सरांचं ‘बरं’

कॉलेजातल्या मुलांनी त्या दोघांना मिळून एकच टोपणनाव ठेवलं होतं: जुगलबंदी. ‘आज जुगलबंदी आहे ना?’ असं व्हरांड्यात कुणी कुणाला विचारलं, की समजायचं, शनिवार आहे आणि आधुनिक अमेरिकन नाटकाचा जोडतास आहे. सर आणि मॅडम नवराबायको. विभाग एक, विषय एक, स्टाफरूममधलं कपाटसुद्धा एक. आठवडाभर दोघं आपापले तास वेगळे घेत. शनिवारी मात्र एकदम वर्गात शिरत. सर खिडकीच्या बाजूला उभे राहत, मॅडम दाराच्या, आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत कडाक्याचं भांडण चाले. अर्थात नाटकावरून. इतिहासाची मुलं येऊन बसत, वाणिज्यची येत. एकदा तर कॉलेजचा प्लंबर हातात पाना घेऊन दाराशी ऐकत उभा राहिला. नळ गळत राहिला तो गळतच राहिला.

मॅडमना सर पहिल्यांदा भेटले तेही असेच. मॅडम तेव्हा नोकरीला नुकत्याच लागल्या होत्या. एका चर्चासत्रात त्यांनी आपला पहिला निबंध वाचला, कागद हातात ओला झाला होता. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून एक उंच, किडकिडीत तरुण उठला आणि म्हणाला, “बाईंच्या निबंधाशी माझे तीन मतभेद आहेत. वेळ कमी आहे म्हणून दोनच सांगतो.” ते दोन ऐकून मॅडमचे कान लाल झाले. चहाच्या सुट्टीत त्या तडक त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “तिसरा कुठाय? तोही द्या.” त्याने तिसरा दिला. मॅडमनी तो तिथल्या तिथे खोडून काढला. तो हसला, म्हणाला, “हे मान्य नाही. पण उत्तर चांगलं आहे.” पुढे लग्न झाल्यावर मॅडम सांगायच्या, “माझ्याकडे लोकांनी आयुष्यभर लक्ष दिलं, पण इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलंच नव्हतं. मतभेद काढायला माणसाला आधी नीट ऐकावं लागतं.”

भांडणाचे विषय पुष्कळ होते, पण जुना आणि न मिटणारा एकच. एक नाटक होतं, फारसं कुठे न झालेलं. एका लहान गावातल्या पेट्रोल पंपवाल्याच्या घरात घडणारं. रंगमंचावर नुसतं स्वयंपाकघर: टेबल, सिंक, मागचं दार. नवरा दिवसभर खाली पंपावर, बायको वर एकटी. शेवटी ती अंगात कोट घालून मागच्या दाराशी उभी राहते, दाराच्या मुठीवर हात ठेवते. लेखकाने एवढंच लिहून ठेवलंय की ती तशीच उभी आहे आणि प्रकाश कमी होत जातो. झालं. पडदा.

सर म्हणायचे, ती जाते.

मॅडम म्हणायच्या, ती राहते.

“कोट घातलाय तिने!” सर.

“कोट ती पहिल्या अंकातही घालते. थंडी आहे तिथे. घरात कोळसा संपलाय.”

“पहिल्या अंकात बटणं लावते का? नाही. शेवटी लावते. गळ्यापर्यंत लावते, तसं लिहिलंय. घरात बसणारी बाई गळ्याचं बटण लावत नाही.”

“आणि गॅसवर किटली ठेवते, त्याचं काय? जाणारी बाई पाणी उकळत ठेवते?”

“रागावलेली बाई ठेवते.”

“तुला बायकांच्या रागातलं काय कळतं रे?”

इथे वर्ग हसायचा. मुलांमध्ये दरवर्षी दोन पक्ष पडत, जाणारे आणि राहणारे. कॉलेज सोडून गेलेली, टक्कल पडलेली माणसं रस्त्यात भेटली तर नमस्कारानंतर पहिलं वाक्य ‘सर, मी अजून राहणाऱ्यांतलाच’ असं म्हणत.

ही भांडणं घरीही चालायची. त्यांच्या लेकीला लहानपणी त्यातलं काहीच कळत नसे, नुसते चढलेले आवाज कळत. एकदा तिच्या शाळेतल्या बाईंनी दोघांना तातडीने बोलावून घेतलं. बाईंचा चेहरा गंभीर. “तुमचे घरगुती प्रश्न मी विचारू नयेत,” त्या म्हणाल्या, “पण मुलीच्या मनावर परिणाम होतोय. ती म्हणते, आमच्याकडे रोज भांडण होतं. एका पेट्रोल पंपवाल्याच्या बायकोवरून.” खुलासा करताना दोघांच्याही नाकी नऊ आले. शाळेतल्या बाईंचा त्यावर विश्वास बसला असं काही वाटलं नाही. रस्त्यात आल्यावर मात्र दोघं फुटपाथवरच इतके हसले की लेकीने चिडून दोघांचे हात सोडले आणि पुढे चालायला लागली.

सगळं आयुष्य असं बोलण्यात गेल्यावर, निवृत्ती डोळ्यांसमोर दिसायला लागली तेव्हा, त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. दोघांनी मिळून. आधुनिक अमेरिकन नाटकातली घरं, एवढाच विषय. त्या नाटकांत घर फार. स्वयंपाकघरं, माळ्याच्या खोल्या, मागचे जिने, रंग उडालेले ओटे. माणसं त्या घरांत अडकलेली किंवा त्यांतून निसटू पाहणारी. दोघांनी ती घरं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिकडे जायचं एक-दोनदा ठरलं, दर वेळी काही ना काही आडवं आलं. पण कुठल्या नाटकात सिंक डाव्या हाताला आहे आणि कुठल्यात उजव्या, हे मॅडम झोपेतून उठवलं तरी सांगू शकल्या असत्या.

एक सकाळ. चहा झाला होता, पाव भाजत होता. चौथ्या प्रकरणावरून जुंपली होती. सर म्हणाले, “हे बघ, एक तर तू संवादांकडे जरा जास्तच बघतेस, रंगसूचनांकडे कमी. आणि दुसरं असं की–”

आणि थांबले.

मॅडम पावाकडे बघत होत्या. सरांना असं थांबायची सवय होती. वर्गात ते वाक्याच्या मध्ये थांबायचे आणि सगळ्यांना तिष्ठत ठेवायचे. “हां, दुसरं काय?” मॅडम म्हणाल्या. उत्तर नाही. “अरे, बोल की आता, भाव नको खाऊस.” तरीही नाही. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा सरांचा चेहरा एका बाजूने सैल पडला होता आणि उजवा हात टेबलावरून घसरत चालला होता. डोळे मात्र मॅडमवर होते, मोठे झालेले, जणू त्या पुढचं वाक्य सांगतील म्हणून वाट बघणारे.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. सर वाचले. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन चालू लागले. हात अर्धवट. वाचा मात्र गेली. समजायचं सगळं, बातम्या ऐकून कपाळाला आठ्या पडत, विनोद ऐकून डोळे चमकत. तोंडातून शब्द निघायचा नाही. ओठ हलत, मान ताणली जाई, कपाळावर घाम येई आणि शेवटी ते हात झटकून देत.

मग कधीतरी, हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, एक शब्द आला. मॅडमनी विचारलं होतं, “खिडकी लावू का?” आणि सर स्वच्छ म्हणाले, “बरं.”

मॅडमनी हातातलं सगळं टाकलं. लेकीला फोन लावला. “बोलले! तुझे बाबा बोलले!” लेक दूरच्या शहरात होती, ती पलीकडे रडायलाच लागली. दोघींचा जीव भांड्यात पडला.

पण तो शब्द एकटाच आला होता. मागून कुणी आलं नाही. चहा हवाय का? बरं. नकोय का? बरं. दुखतंय? बरं. नाव काय तुझं? बरं. सरांनाही कळायचं की हे ते नव्हे. ‘बरं’ तोंडातून गेलं की ते डोळे मिटून घ्यायचे, चुकीच्या दारावर थाप मारल्यासारखे.

बोलणं शिकवायला येणारी मुलगी चुणचुणीत होती. चित्रांचे पत्ते घेऊन यायची: किल्ली, झाड, मांजर. मॅडमनी एकदा तिला जिन्यात गाठून विचारलं, “हाच शब्द का गं? या माणसाने जन्मात कधी ‘बरं’ म्हटलं नाही. आईला म्हटलं नाही, प्राचार्यांना म्हटलं नाही, मला तर नाहीच नाही.”

“मॅडम, हा शब्द त्यांनी निवडलेला नाही,” ती म्हणाली. “वादळात सगळं वाहून जातं आणि एखादं भांडं तेवढं अंगणात राहतं ना, तसा तो राहिलाय.”

“दुसरं भांडं मिळेल?”

“प्रयत्न करू,” ती म्हणाली. अशा वेळी डॉक्टरमंडळी जशी म्हणतात तशीच म्हणाली.

शेजारपाजारचे, नातेवाईक, विभागातले लोक भेटायला येत. सगळ्यांना सर फार आवडायला लागले होते. पूर्वी त्यांच्याशी बोलताना लोक जरा सावध असत. शब्द निघायचा अवकाश, सर तो उचलून उजेडात धरत. आता ते हसऱ्या डोळ्यांनी ऐकत आणि ‘बरं, बरं’ म्हणत. विभागप्रमुख तर जाताना दारात म्हणाले, “आजारपणाने सर किती शांत झालेत नाही! स्वभावच बदलला.” मॅडमनी हसून दार लावलं आणि त्या दाराला पाठ टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना ओरडून सांगायचं होतं की मला शांत माणूस नकोय हो. माझा भांडकुदळ माणूस कुठे नेऊन ठेवलात तो परत आणून द्या.

शनिवारचा जोडतास त्या एकट्याच घेऊ लागल्या. पहिल्या शनिवारी सवयीने दाराच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीची बाजू मोकळी. शिकवता शिकवता एक विधान केलं आणि, काय झालं त्यांचं त्यांनाच कळलं नाही, त्या थांबल्या आणि खिडकीकडे बघितलं. वर्गानेही बघितलं. बाहेर नुसतं ऊन होतं, आणि सायकलस्टँडवर एक माणूस सायकल पुसत होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने धीर करून हात वर केला. “मॅडम, मला वाटतं तुमचं म्हणणं बरोबर नाही.” तिने चांगल्या मनाने प्रयत्न केला होता. मॅडमनी तिला कारण विचारलं, तिने दिलं, बरंही होतं. पण दुसऱ्याच मिनिटाला ती म्हणाली, “पण तुम्ही म्हणता तसंही असेल,” आणि बसली. मॅडमना पुढचा तास कसा गेला ते आठवत नाही.

घरी त्या सरांशी बोलत राहायच्या. लेक फोनवर म्हणायची, “आई, बाबांशी बोलत राहा, त्याने फरक पडतो म्हणतात.”

“बोलते गं. दिवसभर बोलते.”

“मग?”

“मग काय? माझं सगळं त्यांना पटतंय. असह्य झालंय मला.”

लेक हसली. मग म्हणाली, “आई, लहानपणी मला वाटायचं तुम्ही वेगळे होणार. आता सकाळी चहाला नवरा पेपर वाचत बसतो ना, घर इतकं शांत असतं की मला तुमचा आवाज ऐकू यावासा वाटतो.”

प्रकाशक अधूनमधून फोन करायचे. घाई नाही म्हणायचे, पण घाई होती. शेवटी मॅडमनी पुस्तक पुन्हा उघडलं. चार प्रकरणं आधीच झाली होती, उरलेली त्यांनी एकटीने लिहायला घेतली. लिहिणं भराभर व्हायचं, आणि तेच त्यांना टोचायचं. पूर्वी एक पान लिहायला दोन दिवस लागायचे, कारण पानापानाला सर आडवे यायचे. आता कुणी आडवं येत नव्हतं. वाक्यं गुळगुळीत यायची, एकामागून एक, आणि वाचून बघितलं की वाटायचं, हे कुणीही लिहिलं असतं. त्या मनातल्या मनात सरांना बोलवायच्या, ‘सांग, काय चुकलं?’ मनातले सर यायचेही. पण त्यांचे आक्षेप मॅडमना आधीच माहीत असलेलेच असायचे. सर खरे असताना असं एकदाही झालं नव्हतं.

लिहिलेलं रोज दुपारी बाल्कनीत बसून वाचून दाखवायचा नेम मात्र त्यांनी सोडला नाही. सर आरामखुर्चीत, पायांवर शाल. मॅडम वाचत. सर ऐकत, मध्येच डोळे बारीक करत, ओठ हलवत. मॅडम आशेने थांबत. “बरं,” सर म्हणत. मॅडम पान उलटत.

शेवटचं प्रकरण पेट्रोल पंपवाल्याच्या बायकोचं होतं. ते लिहिताना मात्र मॅडमचं घोडं अडलं. बरेच दिवस कागद कोरा. आपलं मत आपणच मांडायचं आणि समोर बसलेल्या माणसाने ‘बरं’ म्हणायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. मग एके सकाळी त्यांच्या मनाने घेतलं की यापुढे हा वाद नको. त्याचं मत त्याला देऊन टाकू. इतकी वर्षं भांडलो, आता एवढं तरी देऊ या त्याला. आणि मग लेखणी चालायला लागली. ती जाते, असं त्यांनी लिहिलं. कोट लिहिला, गळ्यापर्यंतची बटणं लिहिली, रागाने ठेवलेली किटली लिहिली. सरांनी वर्षानुवर्षं मांडलेला एकेक मुद्दा त्यांना तोंडपाठ होता. सरांनी स्वतः मांडला नसता इतका सुंदर तो मॅडमनी मांडला. लिहून झाल्यावर डोळे पुसले आणि दुपारची वाट पाहत बसल्या. वाढदिवसाची भेट लपवून ठेवल्यासारखं त्यांना वाटत होतं.

दुपारी वाचायला लागल्या. सुरुवातीला सर नेहमीसारखे ऐकत होते. बटणांपाशी आल्यावर त्यांचे डोळे चमकले. मॅडमना ते कडेने दिसलं. मग शेवटचा परिच्छेद. ‘म्हणून आम्हा दोघांच्याही मते, ती जाते.’

सरांचा डावा हात आला आणि धप्पकन कागदावर पडला.

“ना,” सर म्हणाले. मान ताणली गेली. “ना... नाही.”

मॅडमना आधी कळलंच नाही. काहीतरी दुखतंय म्हणून त्या उठल्या. “काय होतंय? पाणी देऊ?”

“नाही.”

“ऊन लागतंय? खुर्ची आत घेऊ?”

“नाही!”

“बाथरूमला जायचंय?”

सरांनी असा चेहरा केला की जुन्या ओळखीच्या माणसाने ओळखावा. पूर्वी एखादा विद्यार्थी मूर्खासारखं बोलला की करत तसा. त्यांनी कागद ओढून घेतला आणि बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. ‘दोघांच्याही’ या शब्दावर. ते बोट तिथून उचललं आणि मॅडमच्या दिशेने केलं. “नाही.”

मॅडम मटकन खाली बसल्या. वर्ष उलटून गेलं होतं आणि हा माणूस पहिल्यांदा त्यांना नाही म्हणत होता.

“अरे, पण हे तुझंच मत आहे ना? ती जाते. तूच म्हणत आलास.”

सरांचं बोट पुन्हा ‘दोघांच्याही’वर गेलं.

“मग ती राहते असं लिहू?”

“नाही!” सर ताडकन म्हणाले.

“म्हणजे ती जाते हेही नाही, ती राहते हेही नाही?” मॅडमचा आवाज चढला. किती दिवसांनी चढला होता! “आता काय करू मी तुझं? एक धड काहीतरी सांग!”

सरांनी पुन्हा कागदावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, मग मॅडमकडे. आणि दोघांच्या मध्ये हवेत डाव्या हाताने एक रेघ ओढली. आडवी, ठसठशीत, रागावलेली रेघ. मॅडम त्या हाताकडे बघत राहिल्या आणि मग लख्खकन त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ती जाते, हे सरांचं मत होतं, अजूनही होतं. पण मॅडमनी तसं म्हणू नये. आजारी माणसाला द्यावं तसं ते मत त्यांना फुकटात नको होतं. हवं तर जिंकून घेतलं असतं.

“मी तुझी कीव केली म्हणून चिडलास?” मॅडमनी हळूच विचारलं.

सरांच्या ओठांची एक बाजू वर गेली, दुसरी जागीच राहिली. वाकडं तर वाकडं, पण हसू होतं.

“म्हणजे मी भांडू?”

“बरं,” सर म्हणाले. आणि या खेपेला डोळे मिटले नाहीत. शब्द बरोबर दारावर पडला होता.

मॅडम मग रडल्या. सरांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि त्या रडत असतानाच बोटाने पुन्हा कागद टकटकवला. काम राहिलंय.

ते काम पुढे कितीतरी महिने चाललं. शेवटचं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं, दोन तोंडांनी. एका बाजूला राहणारी बाई, एका बाजूला जाणारी. मॅडम सरांची बाजू लिहून वाचायच्या आणि सर ‘नाही’ म्हणायचे. का नाही, ते सांगता येत नसे. मग मॅडमनी शोधायचं. शब्द चुकला? नाही. मुद्दा चुकला? नाही. क्रम चुकला? ... बरं. कधी एका परिच्छेदापायी आख्खी दुपार जायची आणि सर थकून झोपी जायचे. कधी मॅडम थकून ओरडायच्या, शेजारच्या बाल्कनीतल्या आजी वाकून बघायच्या. आधीची प्रकरणंही पुन्हा काढली, तीही अर्धी बदलली. कारण ‘नाही’ एकदा सापडल्यावर सरांनी तो शब्द मागचं सगळं व्याज वसूल करावं तसा वापरला. बोलणं शिकवणारी मुलगी आश्चर्याने म्हणाली, “मी इतके पत्ते दाखवले, मांजर काही आलं नाही. तुम्ही काय केलंत?” मॅडम म्हणाल्या, “काही नाही. त्यांचं म्हणणं पटलं असं लिहिलं.”

पुस्तक निघालं, दोघांच्या नावाने. प्रकाशकांनी छोटासा समारंभ केला, सर काठी टेकत गेले, जुनी मुलं भेटली, जाणारे आणि राहणारे असे गट पडून फोटो निघाले. एका मासिकात परीक्षण आलं. परीक्षकाने बाकी पुस्तक वाखाणलं, मात्र शेवटच्या प्रकरणाबद्दल लिहिलं की लेखकद्वयाने एक निश्चित भूमिका घ्यायला हवी होती. मॅडमनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यापलीकडे फारसं काही परत आलं नाही. लेकीचं नाव आलं, एका फोनवर अचानक, ‘उद्या’ आलं, ‘चहा’ येतो आणि जातो. शब्द वाढले, पण वाक्य काही झालं नाही. मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेला तरुण प्राध्यापक त्यांच्याचकडे शिकलेला, जाणाऱ्यांतला. तो म्हणाला, शनिवारी येत जा. त्या एकदोनदा गेल्या, नंतर जायचं टाळलं.

त्यांचं बरं चाललंय. विचारणाऱ्याला त्या तसंच सांगतात, आणि ते खोटंही नाही. सकाळी दोघं फिरायला जातात, दुपारी वाचन होतं, सर नाही म्हणतात, मॅडम चिडतात. पण सर नाही म्हणाले की मॅडम अजून क्षणभर थांबतात. कान पुढचं काहीतरी मागतात. ‘एक तर असं,’ आणि मग ‘दुसरं असं की’, आणि मग ते लांबच लांब, कंसात कंस असलेलं, मध्येच चहाचा घोट घेणारं वाक्य. ते येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. माहीत असून कान मागतात, त्याला त्या तरी काय करणार?

मागच्या आठवड्यात त्या औषधं आणायला गेल्या होत्या. दुकानात गर्दी होती. पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं आणि खोकल्याच्या औषधावरून त्यांची जुंपली होती. आजोबा म्हणत, मागच्या खेपेला लाल बाटली घेतली होती. आजी म्हणत, लाल नव्हे, पिवळी, आणि ती तुम्ही प्यायलाच नाहीत, बेसिनमध्ये ओतलीत, मी पाहिलंय. आजोबा म्हणाले, तुझ्या पाहण्याचं सांगू नकोस, तुला चष्म्याशिवाय मी तरी दिसतो का? दुकानदाराने हात टेकले होते. त्याने मागे उभ्या असलेल्या मॅडमना खूण केली, “या बाई, तुमचं काय ते सांगा, यांचं चालू दे.”

“नको, नको,” मॅडम घाईने म्हणाल्या. “त्यांचं होऊ द्या आधी. मला काही घाई नाही.”

आणि पिशवी छातीशी धरून, त्या दोघांच्या अगदी मागे, ऐकत उभ्या राहिल्या.